उरकलेली गोष्ट

शेवटचा भाग संपला तेव्हा भाची काही बोलेना. आम्ही दोघी आपापल्या घरी बसून, फोन कानाला लावून, "एक, दोन, तीन" म्हणत एकाच वेळी प्ले दाबायचो आणि भाग संपला की अर्धा तास तरी तावातावाने बोलत राहायचो. त्या रात्री मात्र शांतता. मला वाटलं फोन कट झाला. दोनदा हॅलो म्हटल्यावर पलीकडून आवाज आला, "आहे मी. मावशी, ते फोटो होते का गं?"

फोटोच होते. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड' या जपानी ॲनिमे मालिकेचा दुसरा सीझन मार्च २०२१ मध्ये संपला तो असा. नायिका एमा माणसांच्या जगाच्या दारापर्यंत पोचते, बहुतेकांना पुढे पाठवते, स्वतः काही साथीदारांबरोबर राक्षसांचं जग सुधारायला मागे राहते, आणि मग पडद्यावर एकामागून एक स्थिर चित्रं सरकायला लागतात. कुणी हलत नाही, कुणी बोलत नाही, मागे संगीत चालू. आम्ही कधीच न पाहिलेले प्रदेश, आम्हाला कधीच न भेटलेली माणसं, कशावरून झाल्या तेच माहीत नसलेल्या लढाया. मी नंतर एकेक चित्र थांबवून पाहिलं. ज्या लग्नाला आपल्याला बोलावणंच नव्हतं त्याचा अल्बम कुणी हातात द्यावा आणि शेजारी बसून म्हणावं, "बघ ना, किती मजा आली!" तसं वाटत होतं.

"दोघींना वेड लागलंय," माझी बहीण, म्हणजे भाचीची आई, मागून म्हणाल्याचं फोनवर ऐकू आलं. "कार्टूनचं सुतक पाळतायत."

सुतकच होतं ते. का, ते सांगायला मागे जावं लागेल. (मालिका पाहायची राहिली असेल आणि पाहायची असेल, तर इथेच थांबा. पहिला सीझन बघा. मग हवं तर परत या.)

जानेवारी २०१९ मध्ये पहिला सीझन आला, बारा भागांचा. झाडीत एक अनाथाश्रम आहे, ग्रेस फील्ड हाऊस. अडतीस मुलं. पांढरे शुभ्र कपडे, चविष्ट जेवण, रोज एक अवघड परीक्षा, मग दिवसभर हुंदडायला मोकळीक. सांभाळायला एकच बाई, इसाबेला, जिला सगळी मुलं 'मामा' म्हणजे आई म्हणतात आणि जिच्यावर जीव टाकतात. प्रत्येकाच्या मानेवर एक नंबर गोंदलेला. अधूनमधून कुणी दत्तक जातं. सहा वर्षांची कॉनी जाते त्या रात्री तिचा कापडी ससा मागे राहतो, तो द्यायला अकरा वर्षांचे एमा आणि नॉर्मन जिकडे जायला बंदी आहे त्या गेटपाशी जातात. तिथे उभ्या असलेल्या गाडीत कॉनी असते. मेलेली, छातीत एक लाल फूल रोवलेलं. अनाथाश्रम हा अनाथाश्रम नसतोच. राक्षसांच्या जेवणासाठी मुलं वाढवायचं ते शेत असतं. परीक्षा घेतात ती मेंदू चांगला पोसला जावा म्हणून.

इथवरची कल्पना कुणालाही सुचली असती असं मी म्हणणार नाही, पण भयकथेत अशा कल्पना असतात. मी खुर्चीच्या टोकाला आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. काहीच घडत नाही त्या सकाळी. नाश्ता होतो, मुलं हसतात. एमाला हसावं लागतं, कारण मामा बघत असते. मामा जवळ येऊन, नेहमीच्याच मायेच्या आवाजात, काल गेटकडे गेली होतीस का, असं विचारते. एमा हसून वेळ मारून नेते. मूळ चित्रकथेत, म्हणजे मांगामध्ये, अशा वेळी पात्रांच्या मनातले विचार शब्दांत लिहिलेले असतात. मालिकेचे दिग्दर्शक मामोरू कान्बे यांनी ते जवळजवळ सगळे काढून टाकले. त्याऐवजी कॅमेरा. लांबच लांब, करकरणारे लाकडी पॅसेज. दाराच्या फटीतून दिसणारा अर्धा चेहरा. पळताना बरोबर हेलकावणारी चौकट. कोण काय विचार करतंय हे आम्हाला कळत नव्हतं, त्यामुळे आम्हीही त्या मुलांसारख्याच इसाबेलाच्या भुवईकडे डोळे लावून बसायचो.

भाचीने तेव्हाच एक वही केली. जुन्या वहीतली उरलेली पानं, त्यावर आकडे घालून प्रश्न. आश्रमातल्या पुस्तकांवर घुबडाचं जे चिन्ह असतं त्याच्याभोवतीचं वर्तुळ खरं तर मोर्स कोडमधला निरोप असतो, हे मालिकेत उघड झालं त्या दिवशी तिने मला चार व्हॉइस मेसेज पाठवले. प्रश्न क्रमांक सात: पुस्तकं पाठवणारा हा विल्यम मिनर्व्हा कोण? क्रमांक बारा: राक्षसांनी माणसांशी करार केला तर बदल्यात काय दिलं? क्रमांक एकोणीस मला पाठ आहे, कारण तो प्रश्न कोड्याचा नव्हता. "फिल दोन वर्षं रोज रात्री काय करत असेल?"

फिल चार वर्षांचा. पळून जायचं ठरतं तेव्हा एमाचा हट्ट असतो की एकालाही मागे ठेवायचं नाही. रे, तिसरा मित्र, तिला पुन्हा पुन्हा सांगतो की हे अशक्य आहे. नॉर्मन मधला मार्ग शोधत राहतो. शेवटी एमालाच कळतं की चार वर्षांच्या आणि त्याहून लहान पोरांना घेऊन भिंत आणि त्यापलीकडचा कडा ओलांडता येणार नाही. मुलं सहा वर्षांची होईपर्यंत पाठवली जात नाहीत, म्हणजे दोन वर्षं हातात आहेत. ती फिलला सगळं खरं सांगते आणि विचारते, थांबशील? चार वर्षांचं पोर. बाकीच्या लहानग्यांना काही कळू न देता, ज्या बाईला मुलं आई म्हणतात तिच्याकडे बघून रोज हसायचं, आणि थांबायचं. तो थांबतो म्हणतो.

या पहिल्या सीझनमध्ये काहीच फुकट मिळत नाही. सत्य कळतं, त्यासाठी कॉनी जाते. भिंत मोजायला जातात, एमाचा पाय मोडला जातो, आणि मोडते ती मामाच, शांतपणे, जवळ घेत. कानात बसवलेल्या यंत्रापासून सुटायला एमाला स्वतःचा कान कापावा लागतो. आणि नॉर्मन. तो पळू शकत असतो. भिंतीवर चढून पलीकडचा खोल कडा बघून तो परत येतो, कारण तो नाहीसा झाला तर बाकीच्यांचा बेत फसेल. त्याला न्यायची वेळ येते तेव्हा त्याच्या हातातली बॅग जवळजवळ रिकामी असते. लहानपणी आजारी पडला असताना एमाशी बोलायला केलेला कपांचा आणि दोरीचा फोन, तेवढाच. तो गेटकडे चालत जाताना मामाला विचारतो, तू सुखी आहेस का? ती हो म्हणते. मी तो प्रसंग तीनदा पाहिलाय आणि तिन्ही वेळा मला त्या 'हो'चा अर्थ वेगळा लागलाय.

आमच्या घरी लहानपणी एखादं काम मन लावून न करता कसंबसं संपवलं की आजी म्हणायची, "केलं नाहीस, उरकलंस." पूजा उरकते, अभ्यास उरकतो, पाहुणे उरकतात. जेवायला वाढलंय पण वाढणारीचं लक्ष घड्याळाकडे आहे, हे ताटावर बसलेल्याला कळतंच. दुसऱ्या सीझनच्या चौथ्या-पाचव्या भागापासून मला ते घड्याळ ऐकू यायला लागलं.

आकडेच बघा. काइउ शिराई यांनी लिहिलेली आणि पोसुका देमिझू यांनी चितारलेली मूळ मांगा २०१६ ते २०२० अशी चार वर्षं चालली. एकूण १८१ प्रकरणं. पहिल्या सीझनने त्यातली ३७ प्रकरणं बारा भागांत सांगितली, म्हणजे एका भागात साधारण तीन. उरली १४४. दुसऱ्या सीझनचे भाग किती? अकरा. एका भागात तेरा प्रकरणं बसतात का? बसत नाहीत. मग काढून टाकायची. त्यातही एका आठवड्यात नवा भाग न दाखवता आधीच्या गोष्टीची उजळणी दाखवली, तेव्हा भाची म्हणाली होती, "परीक्षेला दहा मिनिटं उरलीयत आणि हा समास आखतोय."

मी तेव्हा मांगा वाचलेली नव्हती. त्यामुळे 'पुस्तकात असं नव्हतं' ही नेहमीची तक्रार माझी नाही. पुस्तकात नसलेलं दाखवावं, असलेलं गाळावं, माझी हरकत नाही. पहिल्या सीझनने मनातले संवाद गाळले म्हणून तर तो तसा झाला. पण आपल्याला न सांगता काही काढून घेतलं गेलंय, हे मूळ न वाचताही जाणवतं. मुलं जीव मुठीत धरून ज्या बंकरपर्यंत पोचतात तो रिकामा असतो. अन्न आहे, पाणी आहे, अंथरुणं आहेत, आणि कुणी नाही. मला आठवतंय, मी भाचीला म्हटलं होतं, "इथे कुणीतरी असायला हवं होतं." नंतर वाचलं तेव्हा कळलं की होतंच. युगो नावाचा माणूस, असाच एकदा शेतातून पळालेला, मित्र गमावलेला, तेरा वर्षं त्या बंकरमध्ये एकटा राहून अर्धा वेडा झालेला. एमा पुढे आणखी वीस वर्षांनी, सगळे गमावून, कशी दिसू शकते याचा जिताजागता नमुना. तो मुलांना आधी हाकलून द्यायला बघतो. त्याला आणि त्याच्याबरोबरच्या, राक्षस माणसांची शिकार करतात त्या गोल्डी पाँड नावाच्या जागेच्या अख्ख्या कथेला मालिकेने उचलून बाजूला ठेवलं. एक माणूस काढल्यावर घर इतकं रिकामं दिसतं.

आता एक कबुली. नॉर्मन परत येतो. मेलेला नसतो तो, दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत नेलेला असतो. मूळ मांगामध्येही तो परत येतोच, त्यामुळे हे मालिकेचं पाप नाही. तो एमासमोर उभा राहिला तेव्हा मी रडले. चक्क हुंदके देऊन. भाची पलीकडे किंचाळत होती. दहा मिनिटांनी, चेहरा धुताना, मला काहीतरी बोचायला लागलं. ती रिकामी बॅग आठवली. तो प्रसंग मी मनात कुठे ठेवला होता ते मला ठाऊक होतं, आणि आता तिथे हात घातला तर तिथे काही नव्हतं. ज्याच्यासाठी रडले होते ते घडलंच नव्हतं. मला हवं होतं तेच मला मिळालं होतं आणि मी आरशासमोर चिडून उभी होते. याला काय म्हणायचं मला अजून कळलेलं नाही.

तरी नॉर्मनचं परतणं झेपलं असतं. तो बदलून आला होता. राक्षसांची अख्खी जात विष देऊन संपवायची, हा त्याचा बेत. एमाला तो मान्य नाही, कारण तिला प्रवासात माणूस न खाणारे राक्षस भेटलेले आहेत, सोंजू आणि मुजिका. दोघांचंही बरोबर. ज्याने प्रयोगशाळेत मुलं मरताना बघितली त्याने दया का दाखवावी? आणि जिने एका राक्षसाच्या हातचं खाऊन जीव वाचवला तिने सगळ्यांना मारायला हो का म्हणावं? इथे गोष्टीने बूड टेकून बसायला हवं होतं. दोन जिवलगांमध्ये असं भांडण आहे की दोघांपैकी एकाला तरी कायमचं काही गमवावं लागणार. आम्ही आठवडाभर फोनवर यावर भांडलो. भाची नॉर्मनच्या बाजूची, मी एमाच्या.

आणि मग काय झालं, तर नॉर्मन एका गावात ते विष सोडतो, समोर एक लहानशी राक्षस-मुलगी आणि तिचा आजोबा येतात, आणि त्याचा हात थांबतो. थांबतो तो थांबतोच. मुजिकाच्या रक्तात असं काही आहे की ते प्यायल्यावर राक्षसांना माणसं खायची गरजच उरत नाही. म्हणजे कुणालाच काही सोडावं लागत नाही. कुणाचं चुकलं नाही, सगळ्यांना औषध आहे. पहिल्या सीझनमध्ये 'कुणालाच मागे ठेवायचं नाही' म्हणणाऱ्या एमाला त्या एका वाक्यापायी कान द्यावा लागला, फिलला मागे ठेवावं लागलं. इथे तेच वाक्य तिने म्हटलं आणि जग हातात हार घेऊन उभं.

इसाबेलाचं मी सगळ्यात शेवटी लिहितेय, कारण तिच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव. राक्षसांच्या त्या व्यवस्थेत 'मामा' होतात त्या याच शेतात वाढलेल्या मुली. मरायचं नसेल तर हे कर, असं सांगितलेल्या. इसाबेला लहानपणी एमासारखीच भिंतीवर चढलेली असते आणि कडा बघून परत फिरलेली असते. रे तिचा पोटचा मुलगा असतो, आणि तिला ते कळतं लहानगा रे गुणगुणतो त्या एका गाण्यावरून. पहिल्या सीझनच्या शेवटी, आश्रम जळत असताना, ती धावत कड्यापाशी येते. पंधरा मुलं पलीकडे पोचलेली असतात. ती आयुष्यभर घट्ट बांधलेले केस सोडते आणि त्यांना मनातल्या मनात नीट जा म्हणते. हरलेली बाई, आणि चेहऱ्यावर जे आहे त्याला सुटका म्हणावं की दुःख, सांगता येत नाही. मी त्या बाईला माफ केलेलं नव्हतं. करायचं की नाही हे मला ठरवायचं होतं, आणि गोष्टीने ते माझ्यावर सोडलं होतं.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी ती आणि बाकीच्या मामा बंदुका फिरवतात आणि मुलांच्या बाजूने उभ्या राहतात. मुलं तिला मिठी मारतात. किती मुलं तिने आजवर हसत हसत गेटपर्यंत नेऊन सोडली? कॉनीला विचारलं का कुणी? मूळ मांगामध्येही ती मुलांच्या बाजूने येते, पण तिथे ती मुलांना वाचवताना जीव देते. मरण म्हणजे प्रायश्चित्त, ही जरा स्वस्तच युक्ती आहे असं मी एरवी म्हटलं असतं. पण निदान तिथे हिशेबाची वही उघडलेली तरी होती. मालिकेत ती जिवंत राहिली, सगळे हसले, आणि मला त्या बाईबद्दल काहीच वाटेनासं झालं. राग आला असता तरी चाललं असतं.

फिलही भेटतो. त्याला सोडवायला जातात, भेट होते. काही मिनिटांची. क्रमांक एकोणीसचं उत्तर त्यात नव्हतं.

दोष कुणाला द्यायचा, हेही धड ठरवता येत नाही. कुणीतरी बाहेरच्याने येऊन मूळ लेखकाच्या गोष्टीचं वाटोळं केलं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण या सीझनच्या कथेच्या मांडणीत शिराई स्वतः सहभागी आहेत, हे आधीच जाहीर झालं होतं, आणि त्या बातमीने आम्ही दोघी किती हरखलो होतो! म्हटलं, चला, घरचाच माणूस आहे. बनवणाऱ्यांची काही अडचण असेल. हे सगळं मला समजतं. शेजारच्या काकूंनाही त्या दिवशी बरं नसेल, पण खिचडी खारट ती खारटच.

पुढे मी मांगाचे वीसही खंड वाचले. युगो भेटला, आवडला. शेवटाकडे तीही पळायला लागते असं माझं मत, पण ती धापा टाकत का होईना स्वतःच्या पायांनी पोचते. भाचीने वाचायला नकार दिला. म्हणाली, "एकदा शेवट कळलाय ना, आता तोच दिसणार." मी तिला समजावायच्या भानगडीत पडले नाही. त्या वयात मीही एका मैत्रिणीशी दोन वर्षं बोलले नव्हते, कारण तिने पत्राचं उत्तर द्यायचं कबूल करून नुसतं भेटकार्ड पाठवलं होतं.

काही महिन्यांनी भाची राहायला आली आणि जाताना ती वही माझ्याकडे विसरली. की ठेवून गेली, देव जाणे. मी चाळली. सात नंबरवर फुली. बारावर फुली. बऱ्याच प्रश्नांपुढे नुसतं "हं" लिहिलेलं, चिडून, पेन दाबून. एकोणिसाव्या प्रश्नाखाली मात्र पेन्सिलीने, बारीक अक्षरात:

"घर जळाल्यावर फिलला नव्या ठिकाणी नवा पलंग मिळाला. शेजारचा पलंग रिकामा होता. फिल रोज रात्री आधी त्या पलंगाची चादर नीट करायचा आणि मग स्वतःच्या पलंगावर जायचा. नव्या मामाने एकदा विचारलं, तिथे कोण झोपतं? फिल म्हणाला, कुणी नाही, मला चुण्या आवडत नाहीत. मामा हसली. फिलपण हसला. त्या रात्री तिने दिवा नेहमीपेक्षा उशिरा"

तिथे वाक्य तुटलं होतं. पुढची तीन पानं कोरी.

मी लगेच फोन लावला. "दिवा उशिरा काय? मालवला? का मालवला? तिला कळलं का?"

"थांब की गं मावशी," ती म्हणाली, आणि मागे तिच्या आईने जेवायला हाक मारल्याचं ऐकू आलं. "अजून मलाच कळलेलं नाहीये."